शुद्ध केलेलं सांडपाणी ओढ्यात सोडायचं, तर तळाला चिकणमाती किती आणि कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बोरिवली पूर्वेला संकुल आहे, मागून एक ओढा जातो आणि पुढे दहिसर नदीला मिळतो. एसटीपीतून, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतून, बाग आणि फ्लशिंग भागवून रोज दोनशे घनमीटर पाणी उरतं, ते सध्या गटारात जातं. तेच ओढ्याच्या तीनशे मीटर लांब, चार मीटर रुंद पट्ट्यात सोडून नोव्हेंबर ते मे गुडघ्याच्या वर, साठ सेंटिमीटर पाणी खेळतं ठेवायचं. सल्लागार म्हणतो प्लास्टिकची शीट घाला. एक सभासद म्हणतात नाशिकहून काळी माती आणा. खालच्या अंगाला दोन बोअरवेल आहेत, म्हणून तिसरा गट म्हणतो की थेंबही मुरता कामा नये.

माती चालेल. प्लास्टिकपेक्षा तुमच्याकडे तीच बरी. पण 'थेंबही नको' ही अट सोडून द्या. ती पाळायला गेलात तर पैसाही जाईल आणि ओढाही. किती मुरू द्यायचं आणि मुरताना त्या पाण्याचं काय व्हायला हवं, एवढंच आपल्या हातात असतं. मी तीसेक वर्षं पाटबंधाऱ्याच्या कामांत काढली आणि नंतर अशा तलाव-ओढ्यांच्या मागे लागलो. मातीने मला जेवढं शिकवलं तेवढंच फसवलंही आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी एक गोष्ट तपासा: तुमचा ओढा गळतो का? हा प्रश्न कुणी विचारतच नाही. तळाला चिकणमाती लिंपण्याची ही कल्पना गाजली ती बीजिंगसारख्या शहरांत. तिथल्या नद्या वाळू-गोट्यांच्या जाड थरांवरून वाहतात. योंगडिंग नदीचा शहराजवळचा पट्टा १९८० च्या सुमारापासून वर्षानुवर्षं कोरडा पडलेला. २०१० पासून तिच्या पात्रात तळी करून शुद्ध केलेलं सांडपाणी भरायला सुरुवात झाली, तेव्हा तळाला काही न घालणं म्हणजे चाळणीत पाणी ओतणं होतं. आपल्याकडे मात्र खाली ज्वालामुखीचाच खडक, कुठे अखंड, कुठे भेगाळलेला, आणि वर कुजलेल्या खडकाचा मुरूम. ओढ्याच्या दोनशे मीटरमध्ये एका जागी थेंब मुरत नाही आणि पुढच्या वळणावर पाणी डोळ्यांदेखत खाली जातं, हे मी कितीदा पाहिलंय. अशा ठिकाणी सगळा तळ लिंपणं म्हणजे एका दातासाठी सगळी बत्तीशी काढणं.

तेव्हा पाऊस ओसरला की नोव्हेंबरात वाळूच्या गोण्यांनी वीस-वीस मीटरचे चार-पाच कप्पे अडवा, टँकरने भरा, मोजपट्टी रोवा. शेजारी एक अर्धा ड्रम त्याच पाण्याने भरून उन्हात ठेवा. त्यातली घट म्हणजे बाष्पीभवन. कप्प्यातली घट वजा ड्रममधली घट, म्हणजे मुरणारं पाणी. तीन दिवस पुरतात. पहिल्या दिवसाचा आकडा सोडून द्या, कारण कोरडी जमीन आधी स्वतः पिते.

आता हिशेब. तुमचा तळ बाराशे चौरस मीटर. सैल मुरूम असेल तर दिवसाला पाऊण मीटरच्या वर पाणी मुरू शकतं. म्हणजे हजार घनमीटर, शंभर टँकर. तुमच्या दोनशे घनमीटरने ओढा कधी भरणारच नाही. मुरूम घट्ट, गाळाने भरलेला असेल तर हेच दहाव्या हिश्श्यावर येतं. आता तीस सेंटिमीटर नीट दाबलेली माती घाला, जिची पारगम्यता, म्हणजे पाणी आरपार जाऊ देण्याचा वेग, सेकंदाला मीटरचे दहा अब्जांश आहे. म्हणजे फार उत्तम नाही, बऱ्यापैकी. मुरणं दिवसाला अडीच मिलिमीटरच्या आसपास येतं, सगळ्या पट्ट्यात मिळून तीन घनमीटर. टँकरचा एक तृतीयांश! त्याच वेळी ऊन तुमचं पाच-सहा घनमीटर पाणी उडवून नेत असतं. सूर्य जेवढं नेतो त्याच्या निम्मं जमीन नेत असेल, तर तिच्यावर आणखी खर्च कशाला? सल्लागार एक अब्जांशाची अट घालतात ती बहुधा कचरा-भरावाच्या नियमावलीतून उचललेली असते. ती विषारी निचऱ्यासाठी आहे, ओढ्यासाठी नाही.

बोअरवेलचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि इथे मातीचा दुसरा गुण कामाला येतो. मातीचे कण ऋणभारित असतात, म्हणून धनभारित गोष्टी त्यांना चिकटतात: अमोनियम, शिसं, तांबं, जस्त. नुसता अंदाज म्हणून सांगतो. तीस सेंटिमीटर काळ्या मातीच्या चिकटून राहण्याच्या एकूण जागांपैकी शंभरातली एकच अमोनियमच्या वाट्याला आली, तरी अडीच मिलिमीटर मुरणाऱ्या पाण्यात लिटरला पाच मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन असताना त्या भरायला पाच-सहा वर्षं लागतात. फॉस्फेट मातीतल्या लोह-ॲल्युमिनियमला धरतं. जंतू अडतात. काही औषधं, विशेषतः टेट्रासायक्लिनसारखी प्रतिजैविकं, मातीला घट्ट धरून बसतात.

नायट्रेटला मात्र माती हातही लावत नाही. ते ऋणभारित, सरळ आरपार जातं. राष्ट्रीय हरित अधिकरणाच्या २०१९ च्या आदेशात महानगरांच्या एसटीपीसाठी एकूण नायट्रोजन लिटरला १० मिलिग्रॅम सांगितला आहे. तो सगळा नायट्रेटच्या रूपात असेल तर होतो ४४ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५. म्हणजे एसटीपी नियमात चालत असली तरी तुम्ही काठावर, आणि संकुलांच्या एसटीपी कितपत नियमात चालतात हे तुम्ही-मी जाणतो. मिरगीवरचं कार्बामाझेपिन हे औषधही असंच, ना एसटीपीत मोडतं ना मातीत अडकतं. नायट्रेटवर उपाय एकच. पाणी संथपणे अशा थरातून जाऊ द्यायचं जिथे प्राणवायू संपलेला आहे आणि जिवाणूंना खायला थोडा सेंद्रिय गाळ आहे. तिथे जिवाणू नायट्रेटचा वायू करून टाकतात. म्हणजे मुरणं मंद करणं हाच नायट्रेटवरचा इलाज, आणि पाण्याला वेळ देणारा हा थर माती आपोआप तयार करते. प्लास्टिकखाली यातलं काही घडत नाही. शीट फाटते तिथून पाणी जसंच्या तसं धावतं, शुद्ध न होता, एकाच जागी.

अर्थात प्राणवायू संपला की लोखंड आणि मँगेनीज विरघळू लागतात. बोअरच्या पाण्याने बादलीला तांबूस-काळे डाग पडू लागले तर सांडपाणी पोचलं असं समजून घाबरू नका, पण तळात गाळ फार साठलाय हे ओळखा. खरा हेर क्लोराइड. त्याला माती अडवत नाही आणि जिवाणू खात नाहीत, त्यामुळे ओढ्याचं पाणी बोअरपर्यंत पोचलं की पहिल्यांदा तेच वाढतं. पाणी सोडण्याआधी दोन्ही बोअरचं क्लोराइड, नायट्रेट, अमोनिया आणि ई-कोलाय तपासून ठेवा, मग दर मेमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्यावरून फक्त भांडणं होतात. आणि त्या बोअरचं पाणी कुणी पीत असेल तर ते आजच थांबवा, ओढा होवो न होवो.

हे सगळीकडे असंच असतं असं नाही, कुठे उलटंही असतं बरं का. बेंगळुरूचं दुय्यम पातळीपर्यंत शुद्ध केलेलं सांडपाणी २०१८ पासून कोलार जिल्ह्यातल्या तलावांत सोडलं जातंय, ते मुद्दाम मुरावं म्हणून. तिथे वाद झाला तो किती मुरतं यावर नाही, काय मुरतं यावर, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

प्लास्टिकबद्दलही एक उदाहरण देतो, कारण तुमच्या सभेत ते उपयोगी पडेल. २००५ साली बीजिंगच्या युआनमिंगयुआन या जुन्या राजउद्यानात तलावांच्या तळाला पाणी मुरू नये म्हणून प्लास्टिकचा पडदा घातला गेला. लोकांनी आक्षेप घेतला, चीनच्या पर्यावरण खात्याने जाहीर सुनावणी घेतली, आणि बराचसा पडदा काढून त्या जागी चिकणमाती घालायला सांगितलं. मुंबईत तर प्लास्टिकला आणखी एक शत्रू आहे. ठाण्यापलीकडच्या एका वसाहतीत मी सल्लागार म्हणून उशिरा पोचलो तेव्हा तलावातली शीट पाण्यावर उठून पोट फुगलेल्या म्हशीसारखी तरंगत होती. पावसाळ्यात भूजल वर चढलेलं, तलाव साफसफाईला उपसलेला, आणि खालून आलेल्या दाबाला वाट नाही. सव्वादोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस चार महिन्यांत पडतो तिथे तळ वरून जेवढा तपासायचा तेवढाच खालूनही. माती जड असते, थोडी झिरपते, म्हणून हा दाब ती बरीच सोसते. तरीही ऑगस्टमध्ये ओढा एकदम उपसू नका.

आता मातीकडे. कोकणातलं कुणी तुमच्या समितीत असेल तर त्यांना विचारा, भातलावणीआधी चिखलणी का करतात? जमिनीची रवाळ घडण मोडून तिचा लोण्यासारखा चिखल केला की त्यातल्या वाटा बुजतात आणि खाचरात पाणी उभं राहतं. लिंपण म्हणजे हीच चिखलणी, फक्त दाबून केलेली. मातीच्या धरणांत मधल्या गाभ्याला, म्हणजे हार्टिंगला, काळी माती आणि बाहेरून केसिंगला मुरूम घालतात त्यामागेही हेच. काळी माती हार्टिंगमध्ये मुरमाच्या आत झाकलेली असते हे मात्र ध्यानात ठेवा. उघडी ठेवली तर ती काय करते हे मी एकदा भोगलंय. फेब्रुवारीत पंचेचाळीस सेंटिमीटर काळी माती सुंदर बसवली, पाणी भरलं, सगळे खूष. मेमध्ये पंपाची मोटर जळली, रिवाइंडिंगला तीन आठवडे गेले, आणि तळाला हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडल्या. जूनमध्ये पाणी आलं की फुगून मिटतील असं मीच सर्वांना छातीठोकपणे सांगितलं होतं. मिटल्या नाहीत. पहिल्या पावसाने त्यांत वाळू-कचरा भरला आणि त्या तशाच पाचरा मारल्यासारख्या उघड्या राहिल्या. तेव्हापासून काळ्या मातीवर वीस-तीस सेंटिमीटर मुरमाचं पांघरूण घातल्याशिवाय मी काम पुरं झालं असं लिहून देत नाही. आणि दुसरा पंप? तो अंदाजपत्रकात मातीच्या आधी लिहा.

नाशिकच्या मातीची गरज आहेच असं नाही. बाराशे चौरस मीटरवर तीस सेंटिमीटर म्हणजे दाबलेली ३६० घनमीटर, सैल साडेचारशेच्या वर, डंपरच्या तीसेक खेपा. त्यापेक्षा जवळचा बारीक मुरूम चाळून त्यात वजनाच्या सहा-आठ टक्के बेंटोनाइट, म्हणजे पाण्यात फुगणारी बारीक चिकणमाती, मिसळा. मुंबईत पायलिंगचं काम चालतं तिथे बेंटोनाइटच्या गोण्या दिसतातच. कच्छची, बाडमेरची ती माती. शेतीच्या रोटाव्हेटरने कोरडंच मिसळायचं, मग पाणी. मिसळणं नीट झालं नाही तर तळ ठिगळाठिगळांचा होतो आणि पाण्याला एकच ठिगळ पुरतं.

फुकट मिळते म्हणून खाडीची किंवा नालेसफाईची माती मात्र आणू नका. नालेसफाईच्या गाळात काय काय आहे हे कुणी सांगू शकत नाही. खाडीच्या मातीत मीठ असतं, गोड्या पाण्याने ते धुतलं गेलं की सोडियमने भरलेले कण सुटे होऊन पाण्याबरोबर निघून जातात. शेतकरी अशा जमिनीला चोपण म्हणतो. परीक्षा घरची: सुपारीएवढं ढेकूळ बॅटरीत घालतात त्या शुद्ध (डिस्टिल्ड) पाण्यात, ग्लासात हळूच सोडा. तासाभरात भोवती दुधासारखा ढग पसरला तर ती माती तुमच्या कामाची नाही. दुसरी परीक्षा, ओली माती तळव्यावर वळून दोऱ्यासारखी तीन मिलिमीटर जाडीची वळकटी न तुटता होते का ते पाहा. प्रयोगशाळेत पाठवाल तेव्हा आयएस २७२० या माती-तपासणीच्या भारतीय मानकाखाली मुक्त फुगवटा आणि पारगम्यता मागा, आणि पारगम्यता नळाच्या पाण्याने न काढता तुमच्या एसटीपीच्या पाण्याने काढा असं लेखी द्या.

हे शेवटचं का, ते सांगतो. बेंटोनाइट फुगतं ते त्यातल्या सोडियममुळे. कठीण पाण्यातलं कॅल्शियम हळूहळू सोडियमची जागा घेतं आणि फुगवटा निम्म्याहून खाली येतो. पालिकेचं तलावांचं पाणी मऊ. ते वापरून निघालेलं सांडपाणी बेंटोनाइटला सहसा छळत नाही. पण तुमचं अर्धं पाणी टँकरने बोअरचं येत असेल, तर त्याचा कठीणपणा मोजल्याशिवाय बेंटोनाइटवर विसंबू नका. सरळ काळ्या मातीचा थर जाड करा. आणि भरतीचं पाणी चढतं अशा पट्ट्यात, म्हणजे मिठीच्या किंवा दहिसरच्या तोंडाशी, बेंटोनाइटचा विषयच नको. तुमचा ओढा वरच्या अंगाला आहे, तो त्रास नाही.

तुमचा सल्लागार पुढे जीसीएलचं नाव काढेल, दोन कापडांमध्ये शिवलेलं बेंटोनाइट. वस्तू चांगली. पाऊण सेंटिमीटरची ती चटई हिशेबाने तीस सेंटिमीटर उत्तम मातीएवढंच पाणी अडवते आणि खेपा वाचवते. पण तिच्यात फक्त बेंटोनाइट आहे, त्यामुळे कॅल्शियमचा धोका तिला सर्वांत जास्त, आणि अमोनियम धरायला माती अगदीच थोडी. घातलीच तर कौलं लावतो तशी, वरच्या अंगाची चटई खालच्या अंगाच्या चटईवर, सांध्यात बेंटोनाइटची पूड, आणि पाणी लागण्याआधी वर तीस सेंटिमीटर माती. आधी भिजली आणि मग कामगार वरून चालले तर आतलं बेंटोनाइट पावलांबरोबर सरकतं.

बसवण्याबद्दल दोन गोष्टी. थर पंधरा सेंटिमीटरचे, ओल योग्य प्रमाणाहून दोन-तीन टक्के जास्तच. आमचे एक मुकादम म्हणायचे, "साहेब, टाच रुतली पाहिजे, पाय नाही." तेवढी ओल. चार मीटरच्या ओढ्यात मोठा शीपफूट रोलर जाणार नाही, तेव्हा लहान ट्रेंच रोलर किंवा धुमस. जेसीबीच्या बकेटने थापटणं म्हणजे दबाई नव्हे, कंत्राटदार काहीही म्हणो. एका थरावर दुसरा टाकण्याआधी खालचा खरवडून ओला करा, नाहीतर दोन थरांच्या मधून पाणी आडवं पळतं. आणि खेकडे. २०१९ मध्ये तिवरे धरण फुटल्यावर खेकड्यांचं नाव निघालं तेव्हा लोक चिडले, ते योग्यच होतं. पण तीस सेंटिमीटरच्या लिंपणाला खेकड्याचं एक बीळ खरोखरच पुरतं. काठाच्या बाजूंना मातीवर गिट्टीचा थर आणि दगडी पिचिंग केलंत तर ते तिथे घर करत नाहीत.

जुलैचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण सगळ्या बेताचं मरण तिथेच आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढा सोडा, साध्या मुसळधार दिवशीही अशा उताराच्या ओढ्यात पाणी सेकंदाला दोन-तीन मीटर वेगाने येतं, आणि उघडी चिकणमाती सव्वा-दीड मीटरच्या पुढे टिकत नाही. वर्षभराचं काम एका दुपारी खाडीत. शिवाय ओढा पालिकेच्या पर्जन्यजलवाहिनी खात्याचा, त्याचा छेद कमी होईल असं काही करायला परवानगी मिळणार नाही आणि मिळूही नये. लिंपण, मुरूम, दगड मिळून साठ-सत्तर सेंटिमीटर होतात, तेवढं आधी खोल खणावं लागेल.

म्हणून माझा सल्ला वेगळा आहे. ओढ्याच्या कडेला संकुलाच्या हद्दीत एक उथळ, लांबट तळं करा, पाणी आधी त्यात घ्या, तळाला माती घाला ती तिथे. पुराच्या वाटेबाहेर असल्याने तो थर टिकेल, आणि गाळ काढतानाही ओढा बंद करावा लागणार नाही. तळ्यातून सांडलेलं पाणी ओढ्यात जाऊ द्या, तिथे न लिंपता. प्रवाह चालू राहिला की महिन्या-दोन महिन्यांत बारीक गाळ आणि जिवाणूंचा चिकट थर ओढ्याचा तळ स्वतःच सारवतो, मुरणं दहाव्या हिश्श्यावर येऊ शकतं. पावसाळा ते सारवण दर वर्षी धुऊन नेतो आणि दिवाळीनंतर ते पुन्हा बसतं. तेव्हा नोव्हेंबर-डिसेंबरात ओढ्यात पाणी खालपर्यंत पोचलं नाही तर घाई करून माती टाकू नका, थांबा. जिथे मोजणीत कप्पा खूपच गळतो, तेवढ्याच पट्ट्याला दगडाखाली माती द्या. पाणी साचून हिरवं होऊ देऊ नका, नाहीतर डासांच्या नावाने पालिकेची नोटीस माझ्या पत्राआधी पोचेल.

एसटीपीचं पाणी ओढ्यात सोडायला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात तशी तरतूद लागते, ती आत्ताच मागायला घ्या. मातीपेक्षा तिलाच जास्त वेळ लागतो. कप्प्यांची मोजणी झाली की पाच आकडे, एसटीपीच्या पाण्याचा कठीणपणा, आणि बोअरची खोली व ओढ्यापासूनचं अंतर पाठवा. मग थर पंचवीस सेंटिमीटरचा की चाळीसचा ते ठरवू.